बायकोला विचारा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पाण्याचे आणि वाफेचे व्हॉल्व्ह बनत. ते किती बनले, कोणत्या गिऱ्हाइकाला गेले, कोणत्या टेम्पोतून गेले याचा हिशेब काचेच्या केबिनमधला सर्व्हर ठेवी. सर्व्हर हा शब्द मी आणि माझा नवरा वापरायचो. बाकी सगळ्यांसाठी ते ‘मशीन’ होतं. केबिनला एसी होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. कारण धूळ, असं दारावर लिहिलं होतं. पण शेठ आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत, त्यामुळे धुळीच्या कारणावर कोणाचा विश्वास नव्हता.

मशीन सांभाळणं माझ्याकडे होतं. त्यावर काय चढवायचं, काय उतरवायचं, कोणाला कितपत शिरू द्यायचं, हे सगळं मी काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत हुकूम टाइप करून करायची. नवरा प्रोग्राम लिहायचा. आमचं लग्न याच केबिनमध्ये ठरलं असं म्हणायला हरकत नाही, कारण उन्हाळ्यात बसायला दुसरी बरी जागा नव्हती. कारखान्यात मी त्याला अरेतुरे करायची आणि डोंबिवलीला घरी पोचलो की सासूबाईंसमोर ‘अहो’. तो म्हणायचा, “कोपर पूल ओलांडला की माझा मान वाढतो.”

युनिक्स या प्रणालीवर चालणाऱ्या त्या मशीनवर प्रोग्राम नुसता आणून टाकता येई, आणि बहुतेक लोक तसाच टाकत. पण रीत अशी होती की त्याचं पॅकेज बांधायचं. कोणत्या फाइली आहेत, त्या कुठे जाणार, त्यांना आणखी कशाची गरज आहे, बनवणारा कोण, अडलं तर विचारायचं कोणाला, हे सगळं त्यात भरायचं. मग एका हुकमात ते मशीनवर चढतं आणि एका हुकमात उतरतं. नवरा या बाबतीत भारी टापटिपीचा. घरी टॉवेल खुर्चीवर, पण पॅकेज बांधलेलं असं की बघत राहावं. “नीट बांधलेलं पॅकेज काढलं ना, की मागे काहीसुद्धा उरत नाही,” तो मला सांगायचा. “तीच तर त्याची शोभा.”

माल बाहेर पाठवायचा सगळा कारभार बघणारं त्याचं पॅकेज होतं. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘डब्बा’. pkginfo हा हुकूम दिला की मशीनवरच्या पॅकेजांची यादी यायची. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची घरंदाज नावं, आणि मधेच डब्बा. त्याची माहिती विचारली तर पडद्यावर यायचं: ‘बनवणारा: घरगुती. हॉटलाइन: बायकोला विचारा.’

“हे काय लिहिलंयस?” मी विचारलं होतं.

“अगं, प्रोग्राम अडला तर मी कुठे सापडणार? मी टपरीवर. तू मशीनपाशी असतेस.”

“आणि मला नाही कळलं तर?”

“तर मला विचार.”

“मग स्वतःचंच नाव टाक की.”

“नको. मग लोक थेट मलाच विचारतील.”

खरी गंमत डब्ब्याच्या आत होती. काम करणाऱ्यानं चूक केली की प्रोग्रामनं ती दाखवायची असते. इतर प्रोग्राम इंग्रजीत दाखवत, सरकारी पत्रासारखे. याचा डब्बा मराठीत बोलायचा. त्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. शिलकीपेक्षा जास्त नग टाकले की यायचं: ‘एवढे गोदामात नाहीत. घरून आणणार का?’ टेम्पोचा नंबर न टाकता गेटपास काढायला गेलं की: ‘माल चालत जाणार काय?’ संध्याकाळी काम बंद केलं की: ‘सांभाळून जा, गेटपाशी खड्डा आहे.’ खड्डा पुढे बुजवला. वाक्य राहिलं.

एकदा शेठ एका मोठ्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवत असताना ‘घरून आणणार का’ नेमकं पडद्यावर आलं. नवऱ्याला बोलावणं गेलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, इंग्रजीत चूक दाखवली की लोक न वाचता एंटर दाबतात. टोमणा मारला की थांबतात.” शेठनी त्या महिन्यात परत आलेला माल तपासला आणि विषय पुन्हा काढला नाही. कमी चुकांपुढे ते मानापमान मनावर घेत नसत. तो त्यांचा गुण मी मान्य करते.

डब्ब्यापुढे सर्वांत जास्त वेळ बसायचा तो डिस्पॅचचा क्लार्क. चेंदणी कोळीवाड्यातला, वयानं आमच्याहून मोठा, सगळ्यांना एकेरीत बोलणारा आणि ‘मला’ला ‘माना’ म्हणणारा. रोज केबिनच्या दारात उभा राहून तक्रार करायचा. “गो म्याडम, तुजा घरवाला माना आज परत वरडला.”

“काय चुकलात?”

“टेम्पोचा नंबर. पन बोलायची रीत हाय का ही? बापाच्या वयाचा हाय मी त्याच्या.”

“मग सांगते त्याला, काढून टाक म्हणून.”

“नको गो. येवडा तरी कोन बोलतंय हितं.”

एका पावसाळ्यात नवऱ्याला कावीळ झाली. डोंबिवलीत त्या वर्षी घरटी एकाला होती, त्यामुळे आम्ही कोणीच फार घाबरलो नाही. उसाचा रस झाला, झाडपाला झाला, मग डॉक्टर. ती यकृतात उतरली आणि ठाण्याच्या इस्पितळात तो बेशुद्ध झाला तो झालाच. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. कारखान्यात शोकसभा झाली. तीत वक्त्यांनी त्याला कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं आणि त्याचं खातं चुकीचं सांगितलं. मी पहिल्या रांगेत होते आणि मला एवढंच वाटत होतं, की हे त्याला घरी जाऊन सांगायला हवं.

तेरावं व्हायच्या आधी डिस्पॅचचा क्लार्क डोंबिवलीला भेटायला आला. सांत्वनाला आलेल्या लोकांना एक तर अध्यात्म सुचत होतं, नाही तर विम्याची चौकशी. हा जमिनीवर बसला, सासूबाईंकडे बघून म्हणाला, “आजी, तुजा पोरगा माना रोज वरडतंय. काल पन वरडला.”

मला वाटलं, आता काहीतरी भलतं होणार. पण आई, म्हणजे सासूबाई, सरळ बसल्या. “काय म्हणाला?”

“माल चालत जानार काय, बोलला.”

आई हसल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. मग पदर तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. तो गेल्यावर त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. मशीनमध्ये तो कसा बोलतो, आवाज येतो का, कधी बोलतो. मी सांगितलं, आवाज नाही, अक्षरं येतात. कोणी चुकलं तरच बोलतो. “तेवढंच पुरे,” त्या म्हणाल्या. “लहानपणीही कोणी चुकलं तरच बोलायचा.”

मी कामावर परत जायला लागले. संध्याकाळी घरी आले की पायातली चप्पल निघायच्या आत आई विचारायच्या, “आज काय म्हणाला?” आणि मी सांगायची. ज्या दिवशी कारखान्यात कोणी चुकलं नाही, त्या दिवशी मी चुकायची. सगळे गेल्यावर डब्बा उघडायचा, खोटा गेटपास करायला घ्यायचा आणि त्यात काहीतरी चूक करायची. हळूहळू माझा तो उद्योगच झाला. प्रोग्राम लिहिणारा माणूस बसल्या जागी विचार करतो, की लोक कुठे कुठे चुकतील. त्यानं किती चुकांचा विचार केला होता ते मला तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाचं नाव रिकामं सोडलं: ‘माल कोणाला, वाऱ्याला?’ तारीख तीस फेब्रुवारी टाकली: ‘त्या दिवशी मलापण सुट्टी द्या.’ हे आईंना सगळ्यांत आवडलं. शेजारणीला सांगून आल्या.

हे किती दिवस चालणार हा प्रश्न मला पडलेला होता, कारण उत्तर मला माहीत होतं. डब्ब्यात वर्ष दोनच आकड्यांत होतं. नव्याण्णवनंतर त्याला पुढे जाताच येणार नव्हतं. तो लिहीत असताना मी म्हटलं होतं, चार आकडे घे. “अगं, दोन हजार साली आपण इथे असणार आहोत का?” तो म्हणाला होता. तेव्हा त्याच्या मनात दुसरी नोकरी होती. दुरुस्ती करायला त्यानं लिहिलेला मूळ कोड हवा होता; मशीनवर असतं ते नुसतं चालणारं रूप, ते उघडून बदलता येत नाही. डिस्कवर जागा कमी, म्हणून कोड टेपवर उतरवून कपाटात ठेवायची आमची पद्धत होती, आणि आमच्या हवेत कपाटातल्या टेपांना बुरशी धरली होती. वर्तकनगरला टेप दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं टेप उजेडाकडे धरून बघितली. “मॅडम, हिचं आता दाराला तोरण करा.”

इकडे दोन हजार साल जवळ आलं तसे शेठना टायवाले सल्लागार भेटायला लागले. घोडबंदर रोडला त्यांचं नवं ऑफिस होतं. त्यांनी दिवे घालवून पडद्यावर चित्रं दाखवली: विमानं पडणार, बँका बुडणार, आणि तिसऱ्या चित्रात आमचे व्हॉल्व्ह. शेठनी त्यांचं तयार पॅकेज घ्यायचं ठरवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. डब्बा जानेवारीत मरणारच होता.

घोळ मुहूर्ताचा झाला. सगळं जमून येईपर्यंत पितृपक्ष लागला. सल्लागाराचा माणूस म्हणाला, जुनं उतरवायचं आणि लगेच नवं चढवायचं, एका दुपारचं काम. शेठनी हात वर केला. “पक्षात नवीन काही बसवायचं नाही. घटस्थापनेला बसवू.”

“मग जुनं तोपर्यंत चालू दे, सर.”

“नको. जुनं पक्षातच काढा. हे दिवस निरोप द्यायचेच आहेत.”

सल्लागाराच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या शिक्षणात हा मुद्दा आलेला नसावा. थोडक्यात, जवळजवळ पंधरवडाभर कारखाना हातानं चलनं फाडणार होता, कारण सॉफ्टवेअर जायला पितर चालत होते पण यायला चालत नव्हते. मग शेठ मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, “तुला जमेल ना? नाही तर त्यांचा माणूस काढेल.” ते खरोखर हळू आवाजात बोलले.

“मी काढते,” मी म्हटलं.

आधी मी डब्बा फ्लॉप्यांवर उतरवून घेतला. त्याच्या यादीत होती ती प्रत्येक फाइल. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीनपुढे बसले. डिस्पॅचचा क्लार्क चपला काढून आत आला आणि माझ्या मागे उभा राहिला.

“एक येळ चुकू का गो?” त्यानं विचारलं.

मी उठून त्याला खुर्ची दिली. त्यानं एका बोटानं सावकाश सगळा गेटपास भरला, टेम्पोचा नंबर सोडून. एंटर दाबला. ‘माल चालत जाणार काय?’ तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “नाय रं. जातंय टेम्पोनं,” आणि उठला.

मी pkgrm हुकूम दिला. मशीननं इंग्रजीत विचारलं, हे पॅकेज काढायचं आहे का. मी हो म्हटलं. मग त्यानं तपासून पाहिलं, की मशीनवरचं दुसरं कोणी या पॅकेजावर अवलंबून तर नाही. असलं तर ते तसं सांगतं, आणि मग थांबता येतं. कोणी नव्हतं. मग एकेका फाइलीचं नाव पडद्यावर आलं आणि वर सरकत गेलं. शेवटी ओळ आली, की पॅकेज यशस्वीपणे काढण्यात आले आहे. मी पुन्हा pkginfo दिला. घरंदाज नावं एकाखाली एक उभी होती, मधे कुठे फट नव्हती. त्यानं खरंच नीट बांधलं होतं.

त्या संध्याकाळी आईंनी विचारलं, “आज काय म्हणाला?”

“म्हणाला, माल कोणाला, वाऱ्याला?”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. “हे श्रावणात सांगितलं होतंस.”

मग मी खरं सांगितलं. त्या उठल्या. ताट वाढलं, जेवणं झाली, ओटा पुसून झाला. हात पुसता पुसता म्हणाल्या, “त्याला घरी नाही का आणता येणार?”

घटस्थापनेला कारखान्यात मंडप होता. मशीनला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदीकुंकू, आणि अक्षता उडून आत जाऊ नयेत म्हणून मी त्यावर रुमाल धरून उभी. एका स्थानिक पुढाऱ्यांनी एंटर दाबून नव्या पॅकेजाचं उद्घाटन केलं आणि माहिती तंत्रज्ञानाच्या युगावर बोलले. पुढाऱ्यांना कोणती कळ ते क्लार्कनं दाखवलं. आठवड्यानं त्याला विचारलं, कसं आहे नवं?

“बरा हाय,” तो म्हणाला. “पन वरडत नाय गो. नुसता आडवतंय.”

मी एक जुना संगणक विकत घेऊन घरी आणला. संगणकाच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळाली होती. लिनक्स हे युनिक्सच्याच जातीचं, आणि त्यावर दुसऱ्या युनिक्सचे प्रोग्राम चालवायची सोय आहे असं मी वाचलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी मी त्याच्यापुढे बसायची. एक पॅकेज चढवायला जावं तर ते म्हणे, आधी दुसरं आण. दुसरं म्हणे, तिसऱ्याशिवाय मी येत नाही. आई शेजारी मेथी निवडत बसायच्या.

“अजून काय मागतोय?”

“अजून एक पॅकेज हवंय म्हणे.”

“दिवाळसणाचा जावई आहे का काय,” आई म्हणायच्या, आणि पुन्हा मेथीकडे वळायच्या. ते दिवस वाईट नव्हते. त्यांनी त्या संगणकावर घालायला क्रोशाचं झाकणही विणलं.

शेवटी सगळं चढलं. एका दुपारी मी फ्लॉप्यांवरून डब्बा संगणकावर चढवला आणि आईंना हाक मारली. त्या हात धुऊन आल्या, पदर सारखा केला, खुर्ची ओढून बसल्या. मी डब्ब्याचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबला.

एक इंग्रजी ओळ आली आणि खाली नुसता ठिपका लुकलुकत राहिला. डब्ब्याला जुन्या मशीनवरची एक लायब्ररी हवी होती. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारी कामं एकत्र ठेवलेली फाइल. ती मशीनची असते, कोणा एका पॅकेजाची नसते, म्हणून डब्ब्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सुट्टी संपल्यावर मी ती आणायला कारखान्यातल्या मशीनवर गेले. नव्या पॅकेजानं येताना स्वतःची नवी लायब्ररी आणून त्याच नावानं जुन्या जागी बसवली होती. मशीनच्या मूळ टेपा त्याच कपाटात होत्या, त्याच बुरशीत. नवी लायब्ररी मी घरी आणून पाहिली. रविवार होता. आई पुन्हा शेजारी येऊन बसल्या. मी एंटर दाबला. पुन्हा तशीच ओळ.

“काय म्हणाला?” आईंनी विचारलं.

“त्याला काहीतरी हवंय, आई. ते आता मिळत नाही.”

“काय हवंय?”

मी समजावून सांगायला लागले. त्या ऐकत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना झाला की घाटावर लोक एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याला वचनं देतात, तसा त्यांचा आवाज झाला.

“माझी काळजी करू नकोस,” त्या पडद्याला म्हणाल्या. “गोळ्या मी वेळेवर घेईन.” मग मला म्हणाल्या, “दाब.”

“आई, अहो, ते तसं नसतं.”

“दाब गं.”

मी दाबलं. तीच ओळ आली.

“हिला नोकरी सोडू देणार नाही मी. कोणी काही म्हणो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाबलं. तीच ओळ. त्यांनी डोळे मिटले. बाहेर गॅसवाला सिलिंडर आपटत होता.

“हिनं दुसरं लग्न केलं तरी माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “मीच करून देईन. दाब.”

मला त्या मशीनचं सगळं कळत होतं. लायब्ररी नाही तर प्रोग्राम चालत नाही, कोणी काहीही वचन दिलं तरी. तरीही माझं बोट उचलेना. समजा, नेमका या वचनावर तो चालला असता.

आई वाट बघत होत्या. मी खाली वाकून संगणकाचं बटण बंद केलं.